तुर्कमेन तंबूच्या दारावरची एन्सी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तुर्कमेन गालिच्यांविषयी वाचणारे, ते जमवणारे आणि घरात वारशाने आलेला एखादा लाल गालिचा नेमका कशाचा आहे हे जाणून घेऊ पाहणारे वाचक एन्सीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न ओळखीचे असून पुढचे अपवादांचे आहेत. एका उत्तरातला मुद्दा दुसरीकडे लागला, तर तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. एन्सी म्हणजे काय? तिचा आकार साधारण किती असतो?

मध्य आशियातील तुर्कमेन लोक पूर्वी घुमटाकार तंबूत राहत. लाकडी पट्ट्यांच्या जाळीचा सांगाडा उभारायचा आणि त्यावर नमदा, म्हणजे ओली लोकर दाबून केलेले जाड कापड चढवायचे, अशी या तंबूची बांधणी असे. त्याच्या दाराच्या तोंडावर टांगण्यासाठी विणलेला, गाठींचा आणि लव असलेला लोकरी गालिचा म्हणजे एन्सी. ती बहुतेक वेळा 120 ते 140 सेंटिमीटर रुंद आणि 150 ते 180 सेंटिमीटर उंच असते. तंबूचे दार बुटके असे आणि आत जाणाऱ्याला वाकावे लागे, हे लक्षात घेतले की हे माप दाराच्या तोंडाशी बरोबर जुळते. आजच्या तुर्कमेनिस्तानात, इराणच्या ईशान्येकडील तुर्कमेन प्रदेशात, उत्तर अफगाणिस्तानात आणि अमू दर्या नदीच्या काठाने राहणाऱ्या तुर्कमेन टोळ्यांनी एन्सी विणल्या आहेत.

2. दाराला इतका मौल्यवान गालिचा कशासाठी? लाकडी दार नसे का?

लाकडी चौकट जवळजवळ सर्वच तंबूंना असे आणि ऐपत असलेल्या घरांत तिला कोरीव काम केलेली दोन फळ्यांची दारेही असत. रोजच्या वापरात दार झाकण्याचे काम बहुधा साध्या नमद्याचा पडदा करी, आणि जुन्या छायाचित्रांतही दारावर प्रामुख्याने तोच दिसतो. त्यामुळे एन्सी ही रोज वारा-धूळ अडवण्यासाठी वापरून झिजवण्याची वस्तू नव्हती, तर लग्न, नव्या जोडप्याचा पांढऱ्या नमद्याचा तंबू किंवा पाहुण्यांचे आगमन अशा प्रसंगी दार सजवण्यासाठी ती बाहेर काढली जाई, हे मत अधिक पटण्याजोगे वाटते. शंभर-सव्वाशे वर्षांच्या अनेक एन्सींची लव आजही जवळजवळ शाबूत आहे. वाऱ्यात रोज फडफडणाऱ्या आणि माणसांच्या खांद्यांना, जनावरांच्या अंगाला घासणाऱ्या वस्तूची लव अशी टिकली नसती.

3. ती दाराच्या आत टांगत की बाहेर?

बाहेर टांगत आणि लवेची बाजू येणाऱ्याकडे असे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. टांगण्याच्या खुणा वस्तूवरच सापडतात. वरची कड मागे दुमडून शिवलेली असते आणि वरच्या दोन कोपऱ्यांना लोकरीच्या वळलेल्या किंवा वेणीसारख्या गुंफलेल्या दोऱ्या, निदान त्यांचे तुटके बुंधे, शिल्लक असतात. हे बुंधे नीट पाहावेत. दोरी गालिच्याच्या कडेत टाके घालून पक्की बसवलेली दिसते आणि तिच्या भोवतीचे सूत भाराने किंचित ओढले गेलेले असते. जमिनीवर अंथरायच्या गालिच्याला अशी दोरी लावण्याचे काहीच कारण नाही. तंबूच्या आतल्या बाजूने दाराभोवती जे टांगत ते वेगळे असे. त्यासाठी प्रश्न 9 पाहा.

4. एन्सी रचनेवरून कशी ओळखावी?

एन्सी नेहमी उभी धरून पाहावी, कारण तिला वर आणि खाली निश्चित असते. मोठ्या तुर्कमेन गालिच्यावर गुल नावाची अष्टकोनी किंवा चौकोनी चिन्हे ओळीने येतात आणि तो गालिचा कोणत्याही टोकाकडून पाहिला तरी फारसा फरक पडत नाही. एन्सीचे मैदान मात्र एका उभ्या आणि एका आडव्या पट्ट्याने चार खणांत विभागलेले असते. प्रत्येक खणात लहान चिन्हांच्या आडव्या ओळी असतात. ही चिन्हे बहुधा दोन फांद्या वर गेलेल्या दिव्यासारखी दिसतात आणि विणकरांकडून नोंदवलेल्या नावांत त्यांना पक्ष्याचे नाव मिळाले आहे. चारही खणांभोवती एकाबाहेर एक अशा तीन किंवा अधिक किनारी येतात. काही किनारींत मेंढ्याच्या शिंगांची आठवण करून देणारी वळणे दिसतात.

खालच्या किनारीच्या खाली आणखी एक आडवा पट्टा असतो, त्याला एलेम म्हणतात. एन्सी ओळखण्यासाठी माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची खूण आहे. एलेममध्ये फुलझाडांच्या किंवा झुडपांच्या ओळी, तिरप्या चौकटी किंवा लहान चिन्हांची दाटी असते, आणि वरच्या टोकाला त्याच्या जोडीचा पट्टा नसतो. एलेम जमिनीजवळ आला की वरच्या चार खणांना पायथा मिळतो आणि सगळी रचना तोल सावरून उभी राहते. हीच एन्सी जमिनीवर पसरली की खालचा पट्टा जादाचा वाटू लागतो, आणि म्हणूनच अनेक मालकांनी पूर्वी तो कापून टाकला आहे. त्याचे परिणाम प्रश्न 14 मध्ये दिले आहेत.

5. मध्ये क्रूस दिसतो. याचा ख्रिस्ती धर्माशी काही संबंध आहे का?

नाही. दोन पट्टे एकमेकांना छेदतात म्हणून क्रूसाचा भास होतो, आणि त्या भासावरूनच बाजारात या गालिच्यांना ‘हाचली’ किंवा ‘हाचलू’ हे नाव पडले, ज्याच्या मुळाशी क्रूस या अर्थाचा आर्मेनियन शब्द आहे. हे नाव व्यापाऱ्यांचे आहे, विणणाऱ्यांचे नाही. तुर्कमेन लोक मुसलमान आहेत.

6. माझ्या गालिच्याच्या वरच्या भागात छोटी कमान आहे. मग तो नमाजाचा गालिचा नाही का?

विक्रेते आजही तसे सांगतात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात पोहोचलेल्या कित्येक एन्सी ‘प्रिन्सेस बोखारा’ या नावाने नमाजाचे गालिचे म्हणूनच विकल्या गेल्या. विशेषतः तेक्के टोळीच्या एन्सींत आडव्या पट्ट्याच्या वर, अगदी माथ्याशी, लहानशी टोकदार कमान येते. नमाजाच्या गालिच्यात कमानीने सगळे मैदान व्यापलेले असते आणि नमाज पढणाऱ्याने कपाळ टेकण्याची जागा तिच्यात असते. एन्सीतली कमान मात्र तळहाताएवढी किंवा त्याहून थोडी मोठी असते, आणि तिच्या खालचे मैदान चार खणांनी पुरते व्यापलेले असते. शिवाय कोपऱ्यांतल्या दोऱ्या आणि दुमडून शिवलेली वरची कड नमाजाच्या गालिच्याशी जुळत नाही.

येथे एक अपवाद आहे. तुर्कमेन लोकांनी, विशेषतः अमू दर्याच्या काठच्या एरसारी विणकरांनी, खरेखुरे नमाजाचे गालिचेही विणले आहेत. त्यांत एकच मोठी कमान असते आणि चार खण नसतात. कमान आणि चार खण दोन्ही असतील तर वस्तू बहुधा एन्सीच्या परंपरेतली समजावी. शहरातल्या बाजारासाठी हा आराखडा पुढे नमाजाच्या गालिच्याच्या मापात लहान करून विणला गेला, तो भाग वेगळा.

7. चार खणांचा अर्थ काय? ते बागेचे प्रतीक आहे का?

यावर बरेच लिहिले गेले आहे आणि त्यातले पुष्कळसे सुंदर असले तरी निराधार आहे. स्वर्गातील चार नद्यांची बाग, चार दिशा, मेंढ्यांचा वाडा असे अनेक अर्थ सुचवले गेले आहेत. मला सर्वांत साधे स्पष्टीकरण सर्वांत जवळचे वाटते. मध्य आशियातील लाकडी दारे उभ्या-आडव्या पट्ट्यांनी खणांत विभागलेली असत आणि त्या खणांत कोरीव काम असे, तेव्हा दारावर टांगायच्या वस्तूने दाराचाच आकार घेणे स्वाभाविक आहे. खणांतले पक्षी, किनारींतली शिंगे आणि एलेममधली झाडे यांना राखणाचा किंवा भरभराटीचा अर्थ दिला जात असेल, पण उंबरठा ही बाहेरचे आणि आतले यांना वेगळे करणारी जागा असल्यामुळे तिच्यावर अशी चिन्हे येतात, एवढे म्हणून मी थांबेन.

8. तुर्कमेनिस्तानच्या ध्वजावरचे गुल एन्सीवर असतात का?

सहसा नाही. 1992 साली स्वीकारलेल्या ध्वजाच्या उभ्या लाल पट्ट्यात पाच गुल आहेत आणि ते मोठ्या गालिच्यांच्या परंपरेतून घेतलेले आहेत. एन्सीच्या मैदानावर टोळीचा मोठा गुल ओळीने येत नाही, त्यामुळे गुल पाहून टोळी सांगण्याची सवय असलेल्या माणसाला एन्सी अवघड वाटते. तेथे दुसऱ्या खुणा पाहाव्या लागतात (प्रश्न 12).

9. कापुनुक आणि गेरमेच या एन्सीच आहेत का?

नाहीत, पण त्या एकाच दाराच्या आहेत. कापुनुक ही दाराच्या आतल्या बाजूने चौकटीवर लावायची वस्तू असून वरचा आडवा पट्टा आणि दोन्ही बाजूंना खाली उतरणारे दोन पाय असा तिचा आकार असतो, आणि खालच्या कडेला बहुधा झालर असते. आपल्याकडे चौकटीवर कापडी तोरण लावतात, त्याच्याशी तिचे नाते सहज लक्षात येते. गेरमेच हा लांबट, कमी उंचीचा तुकडा दाराच्या तळाशी, उंबरठ्यापाशी लावला जाई. त्याची नक्षी एन्सीच्या एलेमशी इतकी जुळते की सुट्या गेरमेचला एन्सीचा कापलेला एलेम समजण्याची चूक वारंवार होते. फरक कडेने कळतो. गेरमेचच्या चारही कडा मूळच्या विणलेल्या आणि बंद केलेल्या असतात, तर कापलेल्या एलेमच्या वरच्या कडेला गाठींची ओळ मध्येच तुटलेली असते.

10. एन्सी कोण विणत असे आणि तिला किती वेळ लागे?

विणकाम पूर्णपणे स्त्रियांचे होते. मुलगी आईच्या, आजीच्या शेजारी बसून शिके आणि लग्नाआधी स्वतःच्या संसारासाठी सामान विणू लागे. त्यात कपडे ठेवायच्या मोठ्या पिशव्या, भिंतीला अडकवायच्या लहान पिशव्या, वरातीच्या उंटाच्या दोन्ही कुशींवर घालायची जोडी, तंबूला गुंडाळायचा लांब पट्टा आणि दारासाठी एन्सी असे. नव्या घरी येणाऱ्या प्रत्येकाची नजर आधी दारावर पडे, त्यामुळे विणणारीचा हात सगळ्यांना तेथेच दिसे.

माग जमिनीवर आडवा पसरलेला असे. दोन आडवी लाकडे चार खुंट्यांना घट्ट बांधून त्यांच्यामध्ये लोकरीचा ताणा भरत, आणि मुक्काम हलवायचा झाला तर खुंट्या उपटून माग अर्धवट कामासकट गुंडाळता येई. विणणारी विणलेल्या भागावर बसून पुढे सरकत जाई. ताण्याच्या दोन दोऱ्यांभोवती रंगीत लोकर फिरवायची, खाली ओढायची आणि आखूड सुरीने कापायची, अशी एक गाठ पडे. एक ओळ भरली की बाण्याच्या दोन आडव्या दोऱ्या घालून जड फणीने ठोकायचे आणि मग कात्रीने लव सारखी करायची. चांगल्या तेक्के एन्सीत एका चौरस सेंटिमीटरात साधारण 20 ते 25 गाठी असतात. 130 बाय 160 सेंटिमीटरच्या एन्सीत त्या हिशेबाने चार ते पाच लाख गाठी होतात. एका बाईने दिवसाला 6,000 गाठी घातल्या असे धरले, तरी केवळ गाठींचे काम अडीच-तीन महिन्यांचे होते, आणि त्यात लोकर कातरणे, धुणे, विंचरणे, कातणे व रंगवणे धरलेले नाही. शिवाय विणणारीला स्वयंपाक, दूध-दुभते आणि मुले सांभाळून मागावर बसावे लागे.

नक्षी कागदावर काढलेली नसे. विणणारी ती डोक्यात मोजून ठेवत असे, आणि म्हणूनच डाव्या खणातल्या पक्ष्यांची संख्या उजव्या खणापेक्षा एकाने कमी भरणे किंवा वरची ओळ दाबली जाणे अशा गोष्टी अस्सल एन्सींत हमखास सापडतात.

11. सगळ्या एन्सी लालच का? हा लाल येतो कोठून? भारताशी त्याचा संबंध आहे असे ऐकले, ते खरे आहे का?

खरे आहे, आणि मराठी वाचकाने ते मुद्दाम जाणून घ्यावे असे मला वाटते. मुख्य लाल मंजिष्ठेच्या कुळातील एका झुडपाच्या मुळांपासून काढला जातो. आपल्या आयुर्वेदातली मंजिष्ठा त्याच कुळातली, पण जात वेगळी. मुळांत पुरेसा रंग भरायला काही वर्षे लागतात. लोकरीला आधी तुरटी देऊन मग या मुळांच्या काढ्यात ती सावकाश तापवली की विटकरीपासून गडद डाळिंबीपर्यंतच्या छटा मिळतात. पाण्यातले क्षार, उष्णता आणि वेळ बदलला की छटा बदलते, त्यामुळे एकाच एन्सीत चार बोटे उंचीवर लाल किंचित वेगळा झालेला दिसतो.

दुसरा लाल कीटकांपासून मिळतो. पळस, बोर आणि कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांपासून मिळणारी लाख भारतातून मध्य आशियात जात असे, आणि तिचा थंड, जांभळट लाल रंग जुन्या तुर्कमेन विणकामांत, विशेषतः सालोर आणि सारिक या टोळ्यांच्या कामांत सापडतो. पुढे एकोणिसाव्या शतकात अमेरिका खंडातले कोचिनील किड्यांचे रंगद्रव्य युरोप आणि रशियामार्गे पोहोचले आणि त्याने लाखेची जागा घेतली. निळ्यासाठी लागणारी नीळसुद्धा मोठ्या प्रमाणात हिंदुस्थानातून जाई. मुलतान, शिकारपूर भागातले व्यापारी ती काबूलमार्गे बुखाऱ्याला नेत आणि बुखाऱ्यात त्यांच्या पेढ्या होत्या. पिवळ्यासाठी मात्र इस्परक नावाची पिवळ्या फुलांची स्थानिक वनस्पती चाले, आणि हिरवा रंग त्या पिवळ्यावर नीळ चढवून मिळे.

गडद तपकिरी-काळ्याची एक खोड आहे. हा रंग लोहयुक्त द्रव्याने केला असेल तर कालांतराने लोकर कुजते, त्यामुळे जुन्या एन्सींत काळ्या रेषांच्या जागी लव खाली बसलेली आणि बाकीची नक्षी उठून आलेली बोटांना कळते.

12. एन्सी कोणत्या टोळीची आहे हे कसे ठरवावे?

केवळ रंग किंवा नक्षीवर विसंबू नये. गालिचा मागून पाहावा, लव दुमडून गाठ तपासावी आणि मग नक्षीकडे वळावे. गाठी दोन प्रकारच्या असतात. समतोल गाठीत लोकर ताण्याच्या दोन्ही दोऱ्यांना सारखा वेढा घालते, तर विषम गाठीत ती एका दोरीला पूर्ण वेढते आणि दुसरीच्या मागून जाते. विषम गाठ कोणत्या बाजूला उघडी राहते हेही महत्त्वाचे असते.

तेक्के एन्सीत बहुधा उजवीकडे उघडी विषम गाठ, बारीक विणकाम, गडद विटकरी किंवा डाळिंबी लाल आणि माथ्यावर लहान कमान असते. योमुत विणकर प्रामुख्याने समतोल गाठ घालत. त्यांच्या एन्सी तपकिरी किंवा वांगी रंगाकडे झुकतात, निळा आणि पांढरा अधिक असतो, आणि एलेममध्ये झुडपांच्या ओळी मोकळेपणाने येतात. सारिक एन्सी समतोल गाठीच्या असून तिच्या पांढऱ्या जागी कापूस वापरलेला आढळतो. लोकरीचा पांढरा वयाने पिवळसर होतो आणि कापसाचा पांढराशुभ्र राहतो, त्यामुळे हा फरक साध्या डोळ्यांनीही दिसतो. एरसारी एन्सी आकाराने मोठ्या, विणीने सैल आणि पिवळ्या-हिरव्याच्या बाबतीत उदार असतात. चोदोर विणकामाचा रंग चॉकलेटी-जांभळट असतो. सालोर विणकाम डावीकडे उघड्या विषम गाठीवरून कळते, पण सालोर एन्सी इतक्या दुर्मीळ आहेत की ती आपल्याकडे असल्याचे कोणी सांगितल्यास आधी शंकाच घ्यावी.

13. दुकानदार याला ‘बुखारा’ म्हणतो. एन्सी आणि बुखारा एकच का?

बुखारा हे विणण्याचे ठिकाण नसून विक्रीचे ठिकाण होते. तुर्कमेन गालिचे बुखाऱ्याच्या बाजारातून पुढे जात म्हणून सगळ्याच लाल तुर्कमेन गालिच्यांना ते नाव चिकटले. आज मुंबई-पुण्याच्या दुकानांत ‘बुखारा’ म्हणून दाखवलेला गालिचा बहुधा उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या परिसरात किंवा पूर्वी पाकिस्तानात विणलेला असतो आणि त्यात तुर्कमेन गुलांची नक्कल असते. त्यात वाईट काही नाही, विणकरांनी घाम गाळूनच तो केलेला असतो. पण त्याला एन्सी म्हणू नये, आणि त्याची किंमतही जुन्या एन्सीच्या हिशेबाने देऊ नये. 1979 नंतर अफगाणिस्तानातून पेशावरकडे आलेल्या तुर्कमेन निर्वासितांनी हाचली नक्षीचे गालिचे विणले. त्यांतले विणकर खरोखर तुर्कमेन होते, मात्र ते विणकाम दारासाठी नव्हते.

14. माझ्या एन्सीला एलेमच नाही. हा दोष आहे की प्रकार?

दोन्ही शक्य आहे. आधी खालची कड मागून पाहावी. तेथे सपाट विणलेला मूळ पट्टा किंवा सुरुवातीचा बाणा शिल्लक असेल, तर एन्सी मुळातच एलेमशिवाय विणली आहे. असे प्रमाण विक्रीसाठी विणलेल्या कामात जास्त दिसते. गाठींची ओळ कापून वरून ओवरलेले सूत असेल, तर एलेम काढून टाकला आहे. त्याने किंमत घटते, पण वस्तूचा मान कमी होत नाही. सुटा एलेम घरात कोठे गेरमेच म्हणून ठेवलेला तर नाही ना, हेही शोधावे (प्रश्न 9).

15. चार खण नसलेली एन्सी असू शकते का?

असू शकते. काही योमुत एन्सींत खण चाराऐवजी अधिक असतात किंवा मैदान आडव्या पट्ट्यांत वाटलेले असते. तेक्के कामात एक छोटा, नामांकित गट आहे ज्यात झाडे आणि प्राणी येतात आणि नेहमीची चौखणी मांडणी मागे पडते. अराबाची टोळीच्या एन्सींची मांडणीही वेगळी ओळखू येते. अशा वेळी माप, वर-खाली ठरवणारी रचना, एलेम आणि टांगण्याच्या खुणा यांचा एकत्र विचार करावा.

16. एन्सी जुनी आहे की नवी, हे घरच्या घरी कळेल का?

पूर्ण खात्री रंगद्रव्याच्या प्रयोगशाळेतील तपासणीनेच होते, पण काही गोष्टी घरी पाहता येतात. पांढरे ओले सुती फडके लाल भागावर हलके दाबावे. रंग उतरला तर कृत्रिम, कच्चा रंग वापरलेला असण्याची शक्यता मोठी आहे. लव बोटांनी उघडून टोक आणि बुंधा यांचा रंग ताडावा. टोकाला फिका राखाडी आणि बुंध्याशी भडक गुलाबी किंवा नारिंगी असेल, तर तो सुरुवातीच्या रासायनिक रंगांचा नमुना आहे. असे रंग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत या भागात पोहोचले.

त्या काळाचा इतिहासही विसरू नये. 1881 च्या जानेवारीत रशियन सैन्याने गोकदेपे येथे तेक्के तुर्कमेनांचा किल्ला घेतला आणि फार मोठी मनुष्यहानी झाली. 1884 मध्ये मर्व हे तुर्कमेन प्रदेशातले शहर रशियाच्या ताब्यात गेले, 1886 मध्ये तेथे रेल्वे आली आणि 1888 मध्ये ती समरकंदला पोहोचली. संकटात सापडलेल्या घरांनी स्वतःच्या दारावरच्या एन्सी विकल्या, आणि त्याच रेल्वेने व्यापारी, रासायनिक रंग आणि मागणीनुसार विणकाम आले. त्यामुळे 1880 च्या अलीकडची एन्सी घरासाठी विणली की बाजारासाठी, हा प्रश्न प्रत्येक वस्तूपुरता वेगळा सोडवावा लागतो. कृत्रिम रंगाचा एखादा धागा सापडला म्हणून एन्सी खोटी ठरत नाही, ती केवळ त्या काळानंतरची ठरते.

17. चांगल्या एन्सी कोठे पाहायला मिळतील?

सेंट पीटर्सबर्गच्या रशियन मानववंश संग्रहालयात छायाचित्रकार आणि संग्राहक सॅम्युइल दुदिन यांनी 1900 ते 1902 या काळात मध्य आशियात फिरून जमवलेले साहित्य आहे, आणि रशियन साम्राज्याच्या ट्रान्सकॅस्पियन प्रांताचे, म्हणजे कॅस्पियन समुद्रापलीकडच्या तुर्कमेन प्रदेशाचे, प्रमुख राहिलेले जनरल बोगोल्युबोव यांनी जमवलेले गालिचेही रशियातच गेले. अश्गाबातमध्ये केवळ गालिच्यांना वाहिलेले राष्ट्रीय संग्रहालय आहे. वॉशिंग्टनचे टेक्स्टाइल म्युझियम आणि सॅन फ्रान्सिस्कोचे डी यंग म्युझियम यांचे तुर्कमेन संग्रह मोठे आहेत, तेव्हा अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना ते सर्वांत जवळचे पडतील. सगळे नमुने नेहमी मांडलेले नसतात, म्हणून जाण्यापूर्वी चौकशी करावी.

18. आजही कोणी दारासाठी एन्सी विणते का?

लोक घरांत राहू लागल्यापासून तिची रोजची गरज संपली. समारंभांत आणि उत्सवांत पांढरे तंबू आजही उभारले जातात आणि त्यांच्या सजावटीत गालिचे असतातच. तुर्कमेनिस्तानात मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी गालिचा दिन साजरा होतो, आणि 2019 मध्ये तुर्कमेन गालिचा विणण्याच्या कलेचा युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. एन्सीचा आराखडा विणणाऱ्या स्त्रिया आजही आहेत, पण बहुतेक वेळा तो भिंतीसाठी किंवा विक्रीसाठी असतो.

19. एन्सी जमिनीवर अंथरली तर चालेल का? मुंबईच्या पावसाळ्यात ती कशी सांभाळावी?

जुनी एन्सी जमिनीवर अंथरू नये. ती पायाखाली यायला विणलेलीच नाही, आणि खुर्चीच्या एका पायाने काळ्या भागातली उरलीसुरली लव निघून जाते. टांगताना सारा भार कोपऱ्यांवर किंवा मूळ दोऱ्यांवर देऊ नये. वरच्या कडेच्या मागे रुंद सुती पट्टी सैल टाक्यांनी शिवावी, तिच्यात दांडी घालावी आणि एन्सी बाहेरच्या भिंतीऐवजी आतल्या कोरड्या भिंतीवर लावावी. एलेम खालीच असावा, हे सांगायला नको.

पावसाळ्यात खरा शत्रू कसर आहे. ती अंधाऱ्या, न हललेल्या जागी, विशेषतः गालिच्याच्या मागच्या बाजूला लागते. दर पंधरा दिवसांनी एन्सी उतरवून दोन्ही बाजू पाहाव्यात आणि कमी ओढीच्या व्हॅक्यूमने जाळीवरून साफ कराव्यात. कडुनिंबाच्या पानांनी थोडा अटकाव होतो, पण एकदा अळी झाली की त्यांचा उपयोग नसतो. तेव्हा एन्सी जाड पिशवीत हवाबंद करून उणे 18 अंशांवर दोन आठवडे ठेवण्याचा उपाय संग्रहालयेही वापरतात. बाकीच्या वेळी प्लास्टिकमध्ये गुंडाळू नये, त्याने दमटपणा आत कोंडतो. सुती चादरीत, घडी न घालता गुंडाळी करून ठेवावी. नेहमीच्या धुलाईवाल्याकडे तर ती मुळीच देऊ नये.

20. तुर्कमेनिस्तानातून एन्सी आणता येते का? आणि भारतात असलेली परदेशी मुलांकडे पाठवता येते का?

तुर्कमेनिस्तानातून गालिचा बाहेर नेताना तेथील तज्ज्ञ समितीचा दाखला लागतो आणि ऐतिहासिक मोलाच्या वस्तूंना परवानगी मिळत नाही. विमानतळावर धावपळ करण्यापेक्षा खरेदीच्या वेळीच दाखल्याची व्यवस्था करून घ्यावी. भारतात पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम, 1972 लागू होतो. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, मग ती मुळात कोठेही घडलेली असो. एन्सी त्याहून नवी असल्याची खात्री असेल, तर ती पुरावशेष नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्यावे.

21. वरची कड फाटली आहे आणि दोऱ्या अर्ध्या तुटल्या आहेत. नव्याने विणून घ्यावे का?

फाटा वाढू नये एवढीच दुरुस्ती करावी. मागून सुती कापडाचा आधार देऊन सैल टाक्यांनी ती जागा धरून ठेवली तर नंतर ते टाके काढताही येतात. नव्या गाठी घालून कमान पूर्ण करणे, उडालेल्या जागा रंगीत पेनाने भरणे किंवा कडा ‘सारख्या’ करण्यासाठी कापणे यांपैकी काहीही करू देऊ नये. दोऱ्यांचे बुंधे कितीही मळके आणि तुटके असले तरी ते जागेवरच ठेवावेत, कारण हा गालिचा दारावर टांगला गेला होता याचा प्रत्यक्ष पुरावा बहुतेक वेळा तेवढाच उरलेला असतो. दुरुस्तीपूर्वी पुढून, मागून आणि चारही कोपऱ्यांची छायाचित्रे काढून तारखेसह जपावीत.